झिरकॉनचं वय आणि स्तोत्र ८८

ख्रिस्ती वैज्ञानिकांच्या मेळाव्याला जाते म्हटलं की मला दोन ठिकाणी दोन प्रश्न विचारले जातात. प्रयोगशाळेतले सहकारी विचारतात, "तिथे विज्ञान असतं का?" चर्चच्या मंडळीतली माणसं विचारतात, "तिथे जाऊन विश्वास टिकतो का?" दोन्हीकडे काळजी खरी असते. म्हणून दोघांनाही मी नीट उत्तर देते, पण उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरात फारसं काही सांगून होत नाही. यंदाचा मेळावा नुकताच पार पडला. तिथलं बोलणं अजून डोक्यात चालू आहे, तोवर लिहून काढते.

येणारे बहुतेक जण रोज काही ना काही मोजणारे. भूकंपाच्या नोंदी वाचणारे एक जण, पिकांच्या जातींवर काम करणारी एक जण, संख्याशास्त्र शिकवणारे एक सर, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणारी एक डॉक्टर, बायबलमधला जुना करार शिकवणारे एक प्राध्यापक, आणि पीएचडी करणारी बरीच मुलं-मुली. चर्चचे पाळकही येतात, पण फार थोडे. सकाळी छोटी उपासना होते, मग भाषणं. प्रत्येक भाषणानंतर दोन जण प्रतिसाद देतात: एक वेगळ्या विज्ञानशाखेतला, एक धर्मशास्त्रातला. वक्त्याने आपल्या विषयाच्या बाहेरचं काही सांगितलं तर "हे माझं क्षेत्र नाही, हे मी वाचलेलं आहे" असं स्पष्ट म्हणायचं, हा अलिखित नियम आहे. आणि शेवटी ठराव करत नाहीत. कुणाला हे मिळमिळीत वाटेल. मला या मेळाव्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण ठराव करायचा म्हटलं की माणसं दुसऱ्याचं ऐकणं सोडून आपली बाजू सावरायला लागतात.

यंदा एक भाषण माझं होतं.

मी खडकांची वयं काढते. त्यासाठी झिरकॉन नावाचं खनिज वापरतात. ग्रॅनाइटसारख्या खडकात ते वाळूच्या कणाएवढ्या, पुष्कळदा त्याहूनही लहान स्फटिकांच्या रूपात असतं. शिलारस थंड होताना हा स्फटिक बनतो, तेव्हा युरेनियमचे अणू तो आपल्या रचनेत सामावून घेतो, कारण त्यांचा विद्युतभार झिर्कोनियमइतकाच असतो आणि आकारही जवळपास जुळतो. शिशाला मात्र तो जवळजवळ थाराच देत नाही. त्यामुळे आज त्या स्फटिकात जे शिसं सापडतं ते बहुतेक सगळं युरेनियमचा क्षय होऊन जागेवरच तयार झालेलं असतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं. त्याचं शेवटी शिसं-२०६ होतं. युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षं. त्याचं शिसं-२०७ होतं. म्हणजे एकाच स्फटिकात वेगवेगळ्या गतीने चालणारी दोन घड्याळं. चांगल्या स्फटिकात दोन्ही एकच वेळ दाखवतात. जिथे दाखवत नाहीत तिथे बहुधा मधल्या काळात शिसं निसटलेलं असतं, आणि पुष्कळ वेळा ते केव्हा निसटलं याचाही अंदाज बांधता येतो.

हे मोजण्याआधीच्या शिस्तीबद्दल मी भाषणात जास्त वेळ बोलले, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. शिसं सगळीकडे असतं: धुळीत, बोटांवर, काचेच्या भांड्यात, आम्लातसुद्धा. म्हणून गाळलेल्या हवेच्या खोलीत काम करायचं, भांडी आठवडेच्या आठवडे आम्लात ठेवायची, आणि प्रत्येक तुकडीबरोबर एक ब्लँक चालवायचा. ब्लँक म्हणजे ज्यात नमुनाच नाही असा प्रयोग. सगळी प्रक्रिया तीच, पण स्फटिक नाही. त्यात जे शिसं सापडेल ते आमच्या हातांनी, आमच्या खोलीने घातलेलं. ते आकड्यातून वजा करायचं आणि निबंधात छापायचं. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञांनी १९५६ साली उल्कापाषाणांवरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं, आजच्या ४५४ कोटींच्या अगदी जवळ. त्याआधीची कित्येक वर्षं त्यांची या बाहेरून येणाऱ्या शिशाशी झुंज चालली होती. पुढे त्यातूनच पेट्रोलमधल्या शिशाने सगळं वातावरण किती दूषित केलंय हे त्यांनी जगासमोर आणलं.

ब्लँकबद्दल मी एवढं बोलले त्याला कारण आहे. माझ्या विश्वासाचा माझ्या कामाशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर मला पहिल्यांदा तोच आठवतो. पाहणारं कुणी नसताना आपल्याकडून काय मिसळलं गेलंय हे मोजायचं आणि नावानिशी सांगायचं. माझे अश्रद्ध सहकारीही हे तितक्याच निष्ठेने करतात, किंबहुना त्यांच्यातल्या एकीकडूनच मी ते शिकले. पण मी ते करते तेव्हा देवासमोर उभी राहून करते. चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, या आठव्या आणि नवव्या आज्ञा लहानपणी पाठ केल्या, त्यांचा मला कळलेला सर्वांत नेमका अर्थ त्या ब्लँकमध्ये आहे.

भाषणानंतर एक ज्येष्ठ अभियंता उठले. मंडळीत वडीलजन आहेत, मनाने सरळ. म्हणाले, "ताई, मोजमाप तुमचं बरोबर असेल. पण क्षयाचा वेग पूर्वी वेगळा असेल तर?" प्रश्न रास्त आहे. क्षयाचा वेग बदलतो का हे तपासून पाहण्यासारखंच आहे, आणि लोकांनी ते तपासलं आहे. आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये ओक्लो इथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात आपोआप अणुविखंडन चाललं होतं. १९७२ साली ते उघडकीला आलं. तिथे मागे उरलेल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून त्या काळातले अणुकेंद्राचे नियम आजच्यासारखेच होते असं दिसतं. शिवाय पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असं धरून कोट्यवधी वर्षांचा क्षय तेवढ्यात कोंबला तर त्यातून इतकी उष्णता बाहेर पडेल की पृथ्वीचे खडक वितळून जातील. आणि दोन वेगळ्या अर्धायुष्यांनी तरीही एकच वय का दाखवावं, हा प्रश्न उरतोच.

ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "मग देवाने सृष्टी जुनी दिसेल अशीच घडवली असं म्हणायला काय हरकत आहे?"

हे म्हणणं नवं नाही. १८५७ साली फिलिप गॉस या इंग्लिश निसर्गअभ्यासकाने अगदी हेच मांडलं होतं, आणि त्यांचे मित्र चार्ल्स किंग्जली, जे स्वतः धर्मोपदेशक होते, त्यांनीच ते नाकारलं. देवाने खडकांवर एक प्रचंड आणि अनावश्यक खोटं लिहून ठेवलं यावर माझा विश्वास बसत नाही, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. माझंही उत्तर तेच होतं. ज्याला मी सत्य म्हणून भजते त्याने कधी न घडलेला इतिहास स्फटिकाच्या आत दोन-दोन प्रकारे लिहून ठेवावा, हे मला पृथ्वीच्या वयापेक्षा कितीतरी अवघड वाटतं. अभियंत्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी नंतर ब्लँकचे आकडे मागून घेतले आणि बराच वेळ पाहत बसले.

इथे मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. ती आमच्या वर्तुळातसुद्धा फारशी सांगितली जात नाही. १९४१ साली शिकागोत पाच ख्रिस्ती वैज्ञानिक आणि अभियंते एकत्र जमले आणि त्यातून 'अमेरिकन सायंटिफिक अफिलिएशन' ही संघटना उभी राहिली. आज जगात जे असे मेळावे भरतात त्यांच्या मुळाशी असलेल्या जुन्या संस्थांपैकी ही एक. तिथे जे. लॉरेन्स कुल्प नावाचे तरुण भूरसायनशास्त्रज्ञ आले. कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते कार्बन-१४ ने वय काढण्याचं काम करत. हे तंत्र तेव्हा अगदी नवं होतं. त्या काळी बऱ्याच ख्रिस्ती लोकांचा असा समज होता की पृथ्वीवरचे जवळपास सगळे जीवाश्म आणि थर नोहाच्या महापुरात वर्षभरात साचले. कुल्प यांनी १९५० साली संघटनेच्या नियतकालिकात या कल्पनेची तपशीलवार चिकित्सा केली: थर कसे साचतात, खडक दाबाखाली आणि उष्णतेत कसे बदलतात, किती खोलीवर काय घडायला हवं. हे सगळं त्यांनी आपल्याच बांधवांना, आपल्याच नियतकालिकात, विश्वासाच्या आतून सांगितलं.

त्याची किंमत संघटनेला मोजावी लागली. पुढे काही सदस्य नाराज झाले आणि १९६३ मध्ये सहा दिवसांच्या निर्मितीवर ठाम असलेली वेगळी संस्था निघाली. मूळ संघटनेने मात्र मूळ विश्वासापुरती एक चौकट ठेवली, म्हणजे प्रेषितांचा मतांगीकार आणि नायसियाचा मतांगीकार ही ख्रिस्ती विश्वासाची जुनी निवेदनं मानणं, आणि जिथे ख्रिस्ती माणसांत प्रामाणिक मतभेद आहेत तिथे संस्था म्हणून बाजू न घेण्याचं ठरवलं. कुल्पसारख्यांना बोलू देणारी जागा त्यामुळे शिल्लक राहिली. फुटीची भीती दाखवून त्यांना गप्प बसवणं सोपं होतं. तसं झालं असतं तर माझ्यासारखीला आज प्रयोगशाळेत एक आणि मंडळीत दुसरं बोलावं लागलं असतं. तसं जगणारे ख्रिस्ती संशोधक मला माहीत आहेत, आणि ते फार थकलेले असतात.

केपलरच्या आठ कलांची गोष्ट मी दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगते, यंदा पिकांवर काम करणाऱ्या मैत्रिणीला सांगितली. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलर मंगळाची कक्षा वर्तुळांनी बसवू पाहत होता. खूप खटाटोपानंतर एक रचना अशी जुळली की टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी तिचा फरक जास्तीत जास्त आठ कला उरला. कला म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग; आठ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा साधारण चौथा हिस्सा. त्याआधीच्या कुणीही एवढा फरक सोडून दिला असता. केपलरने सोडला नाही. १६०९ साली छापलेल्या ग्रंथात तो लिहितो की देवाच्या कृपेने आपल्याला टायकोसारखा काटेकोर निरीक्षक लाभला आहे, तेव्हा या देणगीचा कृतज्ञतेने स्वीकार करून तिचा उपयोग करणं आपलं कर्तव्य आहे. मग त्याने स्वतःचीच रचना मोडली आणि शेवटी लंबवर्तुळापाशी पोचला. आपलं म्हणणं खोटं पाडणारं निरीक्षण ही देवाची देणगी आहे, असं म्हणणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. निरीक्षण दुसऱ्याचं, नुकसान आपलं, आणि आभार देवाचे.

मेळाव्यातली एक गोष्ट मला दर वेळी खटकते, तीही सांगते. कुणीतरी येतं आणि विज्ञानाला अजून न सुटलेला प्रश्न दाखवून म्हणतं, "बघा, इथे देव आहे." यंदा एका तरुण संशोधकाने पहिल्या पेशीबद्दल असंच मांडलं. हेतू चांगला होता. पण प्रतिसाद देणाऱ्या संख्याशास्त्राच्या सरांनी त्याला शांतपणे अडवलं. चार्ल्स कूल्सन हे ऑक्सफर्डमधले सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ आणि मेथडिस्ट उपदेशक होते. त्यांनी १९५० च्या दशकातच बजावलं होतं की विज्ञानात अज्ञात जागा सापडली तर देव सापडला म्हणून आनंद करू नका, अधिक चांगले वैज्ञानिक व्हा. सरांनी तेच सांगितलं आणि वर म्हणाले, "तू ज्या रिकाम्या जागेत देवाला बसवतोयस ती जागा तुझ्याच वर्गातली एखादी मुलगी दहा वर्षांत भरून काढेल. तेव्हा तू तिच्या यशाने दुःखी होशील का?" तो मुलगा काही बोलला नाही, पण संध्याकाळी त्याने त्यांना गाठलं आणि दोघं बराच वेळ फिरत होते.

याच्या उलट टोकाचा मोहही असतो, आणि तो मला जास्त घातक वाटतो: विज्ञानाने आपल्या बाजूने काही म्हटलं की झेंडा घेऊन नाचायचं. जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ साली समीकरणांतून मांडलं आणि १९३१ मध्ये सगळ्याची सुरुवात एका आद्य अणूपासून झाली असावी असं सुचवलं. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विश्वरचनाशास्त्राने जणू निर्मितीला पुष्टीच दिली असा सूर लावला. एखाद्या धर्मगुरूला यापेक्षा मोठा सन्मान कोणता? लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत हे भौतिकशास्त्र आहे, उद्या तो चुकीचा ठरू शकतो, आणि श्रद्धेचा पाया त्यावर उभा करू नये, हे त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी योग्य ठिकाणी पोचवलं. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. वैश्विक पार्श्वप्रारणाचा, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून उरलेल्या मंद प्रारणाचा, शोध लागल्याची बातमी लमेत्रना १९६६ साली, मृत्यूच्या थोडं आधी, कळली. सिद्धांताला आधार मिळाला. पण श्रद्धेसाठी त्या आधाराची त्यांनी वाट पाहिली नव्हती.

आता त्या सत्राबद्दल, ज्यामुळे हे लिहायला बसले.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या डॉक्टरने "नक्कल" या विषयावर बोलायचं ठरवलं होतं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा जनुकसंच असतो, तोही दुहेरी, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पेशी विभागते तेव्हा त्याची नक्कल होते. दुरुस्तीची यंत्रणा विलक्षण आहे, पण पूर्ण निर्दोष नाही. प्रत्येक नवजात बाळात आई-वडिलांपैकी कुणातही नसलेले साधारण ६०-७० बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी. अशाच बदलांमधून पिढ्यान्‌पिढ्या वैविध्य येतं, जीव परिस्थितीशी जुळवून घेतात, आणि कोट्यवधी वर्षांत नव्या जाती उभ्या राहतात. इथवर सभागृहात बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. उत्क्रांती हे देवाच्या निर्मितीचं साधन आहे हे आमच्यातल्या बहुतेकांना मान्य आहे, मलाही.

मग तिने पुढचा आलेख दाखवला. नकलेतल्या अशाच चुका रक्त तयार करणाऱ्या पेशीत नेमक्या काही ठिकाणी पडल्या की तीन वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया होतो. ती म्हणाली, "यंत्रणा एकच आहे. पहिल्या आलेखासाठी देवाचे आभार मानायचे आणि दुसऱ्यासाठी आदामाच्या पापाला दोष द्यायचा, हे मला जमत नाही. डायनोसॉरच्या हाडांतही गाठी सापडल्या आहेत. माणूस येण्याआधीपासून हे आहे."

खूप वेळ चर्चा झाली. जुना करार शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सृष्टी "फार चांगली" म्हटली आहे त्याचा अर्थ कुठेच वेदना नव्हती असा घ्यायची गरज नाही, हे मांडलं. कुणी जॉन पोल्किंगहॉर्न यांचं म्हणणं सांगितलं. ते केंब्रिजमधलं गणिती भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद सोडून १९८२ मध्ये अँग्लिकन धर्मगुरू झाले होते. त्यांच्या मते देवाने माणसाला जसं स्वातंत्र्य दिलं तसं सृष्टीलाही स्वतः घडत जाण्याची मोकळीक दिली, आणि त्या मोकळिकीची किंमत असते. रोमकरांस पत्रातलं सबंध सृष्टी कण्हत असल्याचं वचन आलं. एकाने वधस्तंभाबद्दल सांगितलं: दुःखाचं स्पष्टीकरण देणारा नव्हे, दुःखात उतरलेला देव.

डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. तिने एकही मुद्दा खोडला नाही. शेवटी म्हणाली की सृष्टीच्या मोकळिकीची गोष्ट तिला विचार म्हणून पटते, पण वॉर्डातल्या आईला ती सांगता येत नाही, आणि वॉर्डात सांगता येत नाही ते धर्मशास्त्र अजून अपुरं आहे असं ती धरून चालते. वधस्तंभाबद्दल मात्र ती म्हणाली, "तेवढ्यावर मी रोज कामाला जाते."

सत्राच्या शेवटी प्रार्थनेआधी तिने बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचायला सांगितलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: दुःखाची इतर बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तिने विनंती केली की याच्यामागून लगेच सांत्वनाचं दुसरं वचन कुणी वाचू नये. कुणी वाचलं नाही.

मी अनेक चर्चासत्रांना गेले आहे. न सुटलेला प्रश्न न सुटलेलाच ठेवून माणसांनी त्याच देवाकडे तोंड करून प्रार्थना केली, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. प्रयोगशाळेत अनिश्चितता किती हे आकड्याशेजारी लिहिल्याशिवाय आम्ही आकडा छापत नाही. मंडळीत मात्र आपण विश्वासाला तशी जागाच ठेवत नाही. "मला हे कळत नाही" म्हणणाऱ्याला विश्वासात कच्चा समजतो. त्या दिवशी मला जाणवलं की स्तोत्रकर्त्याने ती जागा पवित्र शास्त्रातच ठेवली आहे.

जनुकसंपादनावर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरही सत्रं झाली. २०१८ साली चीनमध्ये संपादित जनुकांची जुळी बाळं जन्मल्याची घोषणा झाली, तिथपासून सुरुवात होती. मुद्दे योग्य होते, पण बोलणारे घाईत होते आणि ऐकणारे दमलेले. या विषयाला पुढच्या वेळी पूर्ण दिवस द्यायला हवा.

शेवटच्या संध्याकाळी जीवाश्मशास्त्रात एमएस्सी करणारा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. आधी "मॅडम" म्हणत होता, मग "ताई" वर आला. त्याला त्याच्या मंडळीत सांगितलं गेलं होतं की हा अभ्यास की प्रभू, यातलं एक निवड. घरी आई रडते. मुलगा हुशार आहे, आणि प्रार्थना करणारा आहे. त्याने मला उत्तर मागितलं नाही. विचारलं एवढंच, "ताई, तुम्हाला हे दोन्ही एकदम धरून चालताना एकटं वाटत नाही का?"

मी त्याला खरं सांगितलं. वाटायचं, पुष्कळ. मग त्याला मेरी श्वाइट्झर या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ बाईंबद्दल सांगितलं. २००५ साली सुमारे ६.८ कोटी वर्षांपूर्वीच्या टी-रेक्सच्या हाडात मऊ, लवचीक ऊतीसारखं काही टिकून राहिल्याचं त्यांनी दाखवलं, आणि जगभर खळबळ उडाली. त्या उघडपणे ख्रिस्ती आहेत. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असं मानणाऱ्यांनी हा शोध आपला पुरावा म्हणून उचलला, तेव्हा त्यांनी स्पष्टपणे नकार दिला. इकडे त्यांच्या निष्कर्षावर सहकारी शास्त्रज्ञांनीही कडक शंका घेतल्या. त्या पुन्हा हाडांकडे वळल्या, ऊती कशा टिकल्या असतील हे शोधू लागल्या आणि लोहाच्या भूमिकेवर प्रयोग केले. दोन्हीकडून धक्के खाऊनही त्यांनी ना श्रद्धा सोडली ना हाडं. आणि ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताबद्दल सांगितलं, ज्याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच ख्रिस्ती लोकांना बजावलं होतं की आकाश, पृथ्वी, प्राणी यांबद्दल अज्ञानाने बोलून बाहेरच्यांपुढे पवित्र शास्त्राचं हसं करू नका. तो हे पहिल्यांदाच ऐकत होता. आपल्या मंडळ्यांमध्ये हे का सांगितलं जात नाही, हा राग मला अजून आहे.

आईसाठी मी त्याला एकच सुचवलं: वाद घालू नकोस, एखादा जीवाश्म घरी घेऊन जा, तो तुला का आवडतो ते तिला दाखव, आणि तिच्याबरोबर स्तोत्र १०४ वाच. त्यात सिंहाचे छावे देवाकडे भक्ष्य मागतात. आईला ते पाठ असेल.

त्याच्या पाळकांशी बोलायला हवं, हे मात्र मला रात्रभर लागून राहिलं. मुलं प्रश्न घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडे जातात, आमच्याकडे नाही. म्हणून आयोजकांना लिहिलं आहे की पुढच्या मेळाव्यात एक पूर्ण दिवस पाळकांसाठी ठेवा. भाषणं नकोत. सूक्ष्मदर्शकाखाली झिरकॉन दाखवायचे, ब्लँकसकट सगळे आकडे टेबलावर मांडायचे, आणि त्यांनी विचारायचं. डॉक्टर मैत्रीण तिचे दोन्ही आलेख घेऊन येणार आहे. आमच्या पाळकांना मी गेल्या रविवारी उपासनेनंतर विचारलं. ते म्हणाले, "येईन, ताई. पण माझे प्रश्न सौम्य नसतील." मी त्यांना तारीख कळवते म्हटलंय.